डावीकडचा ब्रेक

मुलुंडमध्ये मी गाडी चालवायला शिकवते. माझ्याकडे बायकाच जास्त येतात, कारण नवऱ्याकडून शिकायला बसलेल्या बायका आठवड्याभरात रडवेल्या होऊन क्लास शोधायला लागतात. माझ्या गाडीवर लाल ‘एल’ आहे आणि आत डावीकडच्या सीटसमोर एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक आहे. शिकणारी उजवीकडे स्टिअरिंग धरून घामाघूम होते आणि मी डावीकडे बसून ‘पाय कुठे आहे?’ एवढंच विचारत राहते. हा प्रश्न माझ्या तोंडात इतका बसलाय की दूध उतू गेलं तरी मी तोच विचारते, असं माझा नवरा विलास सांगत फिरतो.

गेल्या वर्षी मला नागीण झाली आणि तिच्यापायी माझी ही डावीकडची सीट बरेच महिने सुटली. ती परत मिळेल की नाही, हे कोणी छातीठोक सांगत नव्हतं. नागिणीने गाठलेल्या किंवा नसांच्या दुखण्यावर गोळ्या घेणाऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून हे लिहितेय. रडगाणं नाही. दुखत भरपूर होतं, पण त्या महिन्यांत मी हसलेही भरपूर, आणि दोन्ही सांगितलं नाही तर खोटं होईल.

बेल्ट घासला असेल

सुरुवातीला उजव्या कुशीत, कमरेच्या जरा वर, आग व्हायला लागली. सीटबेल्टचं बक्कल बरोब्बर तिथेच येतं. दिवसभर बेल्ट लावून बसायचं, घासला असेल, असं म्हणून मी नारळाचं तेल चोळलं आणि कामाला गेले. मग पुरळ आलं, पुरळाचे फोड झाले आणि ते फोड रांगेने कमरेभोवती निघाले.

आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, ते बघितलं आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आई म्युनिसिपल शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. मूळ अकोल्याच्या, पण अर्धं आयुष्य मुलुंडमध्ये गेलेलं. त्या म्हणाल्या, “नागीण आहे. तेल ठेव बाजूला आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल.”

डॉक्टरीणबाईंनी एका नजरेत ओळखलं. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या का, एवढं विचारलं. होत्या. तेच दुखणं नसेत दबा धरून बसतं आणि कधीतरी पुन्हा डोकं वर काढतं, हे त्यांनी मला दोन वाक्यांत समजावलं. मला हायसं वाटलं, कारण बाहेर बाकावर बसल्या बसल्या मी मनात कॅन्सरपर्यंत जाऊन आले होते.

नागिणीची दोन तोंडं कमरेभोवती जुळली की माणूस जातो, असं आमच्या बिल्डिंगमधल्या दोघीतिघींनी येऊन प्रेमाने सांगितलं. आईंनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. “असलं काही नसतं, शुभा. आयुष्यभर मुलांना हेच शिकवलं मी,” असं मला म्हणाल्या. आणि मग रोज माझ्या अंघोळीच्या आधी शिवणाचा टेप घेऊन यायच्या आणि दोन टोकांमधलं अंतर गुपचूप मोजून जायच्या. विचारलं की म्हणायच्या, ब्लाउज शिवायचाय. त्या ब्लाउजचं कापड अजून यायचंय.

फोड गेले, आग राहिली

फोड सुकले, खपल्या पडल्या. सगळ्यांना वाटलं संपलं. मला वाटलं नाही, कारण आग तिथेच होती. पंख्याचा वारा लागला तरी कळ यायची. साडीचा काठ, परकराची नाडी, झोपेत वळताना चादर, काहीही चालत नव्हतं. दिसायला मी ठणठणीत, त्यामुळे कोणाला सांगायचीही चोरी. एकदा विलासने नेहमीच्या सवयीने कमरेवर हात ठेवला आणि मी त्याच्यावर अशी ओरडले की तो बिचारा पुढे कित्येक दिवस माझ्याशी बोलताना हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. तेव्हा मला त्याचं हसू यायचं आणि त्याच वेळी रडूही.

मग घाटकोपरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नसांच्या डॉक्टरांकडे गेले. तिथला दर खेपेचा क्रम ठरलेला असायचा. नाव लिहा, वजन करा, बाकावर बसा, बाकावरच्या बाईचं दुखणं ऐका, आपलं सांगा. त्या बाकाने मला फार आधार दिला. वारा लागला तरी दुखतं, असं मी पहिल्यांदा तिथे मोठ्याने बोलले आणि शेजारच्या अनोळखी आजी म्हणाल्या, “मला तर पदर लागला तरी.” मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण आमच्या दोघींच्या बाबतीत ते शक्य नव्हतं.

डॉक्टरांनी नसांच्या दुखण्याची गोळी दिली. हळूहळू वाढवायची, मनाने बंद करायची नाही. गुंगी येईल, गाडी चालवू नका. मी मान डोलावली. मी काय काम करते ते त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तांदळात चावी

इथे आमच्या घरची एक पद्धत सांगायला हवी. विलास घाटकोपरला विमा कंपनीच्या ऑफिसात आहे. रोज पिणारा नाही, पण पार्टी असली की दोन पेग घेतो. आई रोज बुद्धवंदना म्हणणाऱ्या, पंचशील पाळणाऱ्या. लेकाचं हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांनी आकांडतांडव केलं नाही. म्हणाल्या, “शील तुझं तू बघ. गाडीची चावी मात्र घरात ठेवून जा.” आणि चावी तांदळाच्या डब्यात खोल खुपसून टाकली. तेव्हापासून आमच्याकडे नियमच झाला. पार्टीला निघताना चावी तांदळात. दुसऱ्या दिवशी भात टाकताना ती मापट्याबरोबर वर आली की मगच गाडी.

क्लासमध्ये पहिल्या दिवशी मी सगळ्यांना हीच गोष्ट सांगते. वर माझं ठरलेलं भाषण असतं. दारू आधी हातपाय धरत नाही, ती आधी ‘मी बरा आहे’ असं म्हणायला लावते. पाय उशिरा पडतोय हे ज्याचा पाय आहे त्यालाच शेवटी कळतं. हे भाषण माझं तोंडपाठ आहे.

गोळ्या सुरू झाल्यावर मी आमची घरची गाडी चालवणं त्याच दिवशी बंद केलं. डॉक्टरांचं ऐकायला हवं ना. क्लासला मात्र जात राहिले. कारण क्लासच्या गाडीत मी थोडीच चालवते? चालवणारी उजवीकडे असते. मी डावीकडे नुसती बसलेली. दुखणं कमी झालं होतं, मला बरं वाटत होतं. आता हे लिहिताना कपाळावर हात मारावासा वाटतो, पण तेव्हा मला यात काहीसुद्धा चुकतंय असं वाटलं नाही.

माधुरीताईंनी गाडी थांबवली

माधुरीताई नाहूरच्या. पन्नाशीच्या, सरकारी ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, तिथे म्हणे सगळे त्यांना टरकून असतात. माझ्या गाडीत मात्र त्यांची मांजर व्हायची. समोर कोणी आलं की त्या ब्रेककडे नाही, माझ्याकडे बघायच्या. मी ब्रेक दाबेन याची त्यांना इतकी खात्री होती की त्यांच्या पायाला काही कामच उरलं नव्हतं.

त्या सकाळी आम्ही मुलुंड पूर्वेच्या एका शांत रस्त्यावर होतो. पाण्याचे जार पोचवणारा टेम्पो कडेला उभा होता. मी माधुरीताईंना सांगत होते की उभ्या गाडीच्या पुढून कोणीही येऊ शकतं. हे वाक्य मी बोलत असतानाच टेम्पोपुढून एक आजोबा दुधाची पिशवी घेऊन रस्त्यात उतरले.

मी जागी होते. डोळे उघडे होते. आजोबा मला नीट दिसले. ब्रेक दाबायला हवा हेही कळलं. आणि पाय निघाला तेव्हा गाडी थांबलेली होती.

ती माधुरीताईंनी थांबवली होती. आजोबांनी आमच्याकडे बघून हात हलवला आणि सावकाश पलीकडे गेले. माधुरीताईंचा चेहरा नुसता उजळला होता. “मॅडम, आज तुम्ही पाय लावलाच नाहीत! एवढा विश्वास टाकलात माझ्यावर!”

मी त्यांना गाडी कडेला घ्यायला सांगितली, इंजिन बंद करायला लावलं आणि आज इथेच थांबू, असं म्हटलं. त्यांना वाटलं बक्षीस म्हणून सुट्टी दिली.

पाचवं शील

घरी आई मेथी निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्या उठल्या, तांदळाचा डबा आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

मला राग आला. “आई, मी काय दारू प्यायलेय का?”

“पाचवं शील म्हणतेस तेव्हा काय म्हणतेस? बेसावध करणाऱ्या गोष्टींपासून लांब राहीन, असंच ना? मग ते काय फक्त बाटलीपुरतं आहे का गं?” त्या शांतपणे म्हणाल्या. “औषध घे. वेळेवर घे. पण चावी इकडे टाक.”

मी क्लासच्या गाडीची चावी तांदळात खुपसली आणि मग ढसाढसा रडले. माझं सगळं काम, माझा सगळा रुबाब त्या एका ब्रेकवर होता. वेळेवर ब्रेक लागत नसेल तर मी नुसती बडबड करणारी बाई उरते. गोळी कधी सुटणार ते माहीत नाही, सुटल्यावर पाय पहिल्यासारखा होणार का तेही माहीत नाही. आईंनी मला रडू दिलं. जवळ घ्यायला त्यांना माझी कंबर आडवी येत होती, म्हणून माझं डोकं थोपटत बसल्या.

संध्याकाळी विलासने भात टाकायला घेतला आणि मापट्यातून चावी निघाली. तो चावीकडे बघतच राहिला. “आज कोण प्यायलं?”

“मी,” मी म्हटलं. आणि तिघंही जे हसत सुटलो ते कुकरची शिट्टी होईपर्यंत थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी माधुरीताईंना फोन केला. परवापरवापर्यंत मी त्यांना रागे भरत होते, आता त्यांना सांगायचं होतं की काल मी विश्वास टाकला नव्हता, माझा पाय उशिरा पडला होता. गोळ्या घेतेय, आता शिकवणार नाही, पुढचं क्लासमधली माझी भागीदार तिच्या गाडीवर शिकवेल. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार.

“मॅडम,” त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे कालचा ब्रेक अख्खा माझा होता?”

“अख्खा तुमचा.”

“अरे देवा,” त्या म्हणाल्या आणि इतक्या खुशीत हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग गंभीर होऊन म्हणाल्या, “तुम्ही बऱ्या व्हा. आणि यापुढे हॉस्पिटलात तुम्हाला मी नेणार. लायसन्स हातात येऊ दे फक्त.”

पुढच्या भेटीत डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. डावी सीट काय आणि उजवी काय, पाय तर तुमचाच आहे ना, असं म्हणाले. मग म्हणाले की चूक त्यांचीही झाली, काम विचारायला हवं होतं. गोळी मात्र थांबवायची नाही, शिकवणं थांबवायचं. दुखणं आटोक्यात आलं की हळूहळू कमी करू. मी दारू घेत नाही, तरीही त्यांनी बजावलं की या गोळ्यांवर एक घोटसुद्धा नको, दोघं मिळून माणसाला पार आडवं करतात.

फूटपट्टी

घरी बसायचं म्हणजे काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पहिले काही दिवस मी खिडकीतून खालच्या पार्किंगमधल्या लोकांना ओरडून सूचना दिल्या. सोसायटीतून विलासला फोन आला.

मग आईंनी शाळेतली जुनी लाकडी फूटपट्टी काढली. रोज संध्याकाळी वंदना झाली की त्या खुर्चीवर उभ्या राहायच्या (नको म्हटलं तरी), फूटपट्टी वरून सोडायच्या आणि मी ती हवेत पकडायची. सुरुवातीला पट्टी जमिनीवर आपटायची तेव्हा मी नुसती चिमूट करायला घेतलेली असायची. खालच्या मजल्यावरून विचारणा झाली की तुमच्याकडे सुतारकाम चाललंय का. विलासही एकदा पार्टीहून आल्यावर हौसेने उभा राहिला. त्याचीही पट्टी आपटली. माझी गोळी आणि त्याचे दोन पेग, दोघांचा निकाल सारखाच. आईंनी दोघांना नापास केलं आणि झोपायला गेल्या.

या पट्टीवरून गाडीचा निर्णय घ्यायचा नसतो, हे आम्हाला माहीत होतं. पण दिवसभरातली ती एक मजा होती. पुढे गोळी कमी होत गेली तशी पट्टी मला सापडायला लागली, आधी अगदी टोकाला, मग मधे. आई प्रत्येक वेळी “हं” एवढंच म्हणायच्या. शाळेतल्या मुलांना ‘शाबास’ म्हटलं की ती आळशी होतात, असं त्यांचं मत आहे.

माझीच शिकवण माझ्याच डोक्यावर

माधुरीताईंना लायसन्स मिळालं. मग त्या दर भेटीला सुट्टी टाकून मला घाटकोपरला न्यायला लागल्या. त्यांच्या साध्या गाडीत डावीकडे पेडल नाहीत. मी पायपुसण्यावर ब्रेक दाबत बसायचे. “मॅडम, चटई फाटेल,” त्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणायच्या. निघण्याआधी तिन्ही आरसे, बेल्ट, हँडब्रेक, सगळं मी शिकवलं तसंच, त्याच क्रमाने. शिवाय माझ्या बक्कलखाली ठेवायला एक मऊ उशी शिवून आणली होती. मला ती बघूनच गहिवरून आलं.

एकदा विलासच्या ऑफिसातल्या मित्राच्या मुलीचं रिसेप्शन होतं, जुहूच्या हॉटेलात. नवरा दोन पेग घेणार, बायको गोळ्यांवर, आईंना गाडी येत नाही. दोन्ही चाव्या तांदळात. आम्ही रिक्षाने जाणार होतो, पण माधुरीताईंना कळलं आणि पैठणी नेसून, ठसठशीत नथ घालून त्या गाडी घेऊन दारात हजर. परतताना विलास मागच्या सीटवरून त्यांना लेन सांगायला लागला. त्यांनी सिग्नलला गाडी थांबवली, आरशात त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “साहेब, गप्प बसा. शुद्धीत असलेली माणसं बोलतायत.”

“गाडीत शुद्धीत किती जणं आहेत?” आईंनी विचारलं.

“तुम्ही आणि मी,” माधुरीताई म्हणाल्या. त्या दोघींची तेव्हापासून घट्ट मैत्री आहे. आता त्या मला वगळून फिरायलाही जातात.

चावी वर आली

गोळी सुटली. एका दिवसात नाही, हळूहळू. मधे एकदा आग पुन्हा भडकली आणि डोस परत वाढवावा लागला. तेव्हा मी पार खचले. आता ही सीट गेलीच, असं धरून चालले होते. भागीदारीतून बाहेर पडते, असंही बोलून झालं. आईंनी त्या संध्याकाळीही फूटपट्टी सोडली. माझ्या हातून पडली. त्यांनी उचलली आणि “उद्या परत,” एवढंच म्हणाल्या.

शेवटी डॉक्टरांनी गोळी पूर्ण बंद केली. त्यानंतरही काही दिवस थांबायला लावलं, तपासलं, चार पावलं चालायला लावलं, आणि म्हणाले की आता शिकवा. मी त्यांना सासूबाईंच्या फूटपट्टीचं सांगितलं. ते हसून म्हणाले, “त्यांची परीक्षा माझ्यापेक्षा कडक दिसतेय.”

घरी आले तर डबा ओट्यावर काढून ठेवलेला. मी कोपरापर्यंत हात घातला आणि चावी वर काढली. आईंनी ती पदराने पुसून माझ्या हातात दिली आणि यावेळी मात्र “शाबास” म्हणाल्या. मला रडू आलं, त्याही रडल्या.

तुम्ही कुठलंही नवं औषध घेत असाल, अगदी सर्दीचं का असेना, तर डॉक्टरांना एवढंच विचारा की याने गुंगी येते का, आणि आपण दिवसभर काय करतो ते न विचारता सांगा. मला बरं वाटतंय, या आपल्याच शब्दावर विसंबू नका. आणि मनाने गोळी सोडूही नका. चावी काही काळ तांदळात राहिली म्हणून गंजत नाही.

पहिल्या दिवशी कोणाला घेऊन बसायचं हे ठरलेलंच होतं. माधुरीताईंनी रजा काढली. त्यांना क्लासच्या गाडीतून नाहूरचा पूल चढायचा होता. लायसन्स मिळूनही त्या पुलाची भीती गेली नव्हती आणि पहिल्यांदा चढेन तर मॅडमबरोबरच, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. मी डावीकडे बसले. बेल्ट लावला. कुशीत जराशी चुणचुण, बाकी काही नाही. पूल चढलो, उतरलो. माधुरीताई मोठ्याने श्वास सोडत होत्या.

खाली वळताना एक रिक्षा आमच्यासमोर अचानक आडवी वळली. माझा पाय ब्रेकवर गेला. तो गेलेला मला कळला, तळव्याखाली पेडल लागलं. आणि त्याच क्षणी दिसलं की माधुरीताईंचा पाय आधीच दाबायला लागलाय. मी दाबलं नाही. गाडी हळूच थांबली. रिक्षावाला मागे न बघता निघून गेला.

माधुरीताईंनी हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे वळून, अगदी माझ्याच आवाजात विचारलं, “पाय कुठे होता?”

“ब्रेकवर,” मी म्हटलं. “नुसता ठेवला होता.”

त्यांनी वाकून खरंच बघितलं. माझा पाय अजून तिथेच होता. मग त्यांनी आरसे बघितले, पहिला गिअर टाकला आणि आम्ही निघालो.